वळणाआधीचं वळण

कर्माचं फळ कर्मच देतं की ईश्वर देतो? मीमांसक जैमिनीचं म्हणणं, मधे कुणी लागत नाही; कर्मातून ‘अपूर्व’ म्हणून एक शक्ती उरते आणि वेळ आली की तीच फळते. बादरायणांना हे मान्य नाही. ब्रह्मसूत्रांत ते जैमिनीचं मत नाव घेऊन मांडतात आणि बाजूला सारतात: फळदाता ईश्वरच. मी रेल्वेत रुळांच्या देखभालीत नोकरी काढली, त्यामुळे माझं मत न मागता जैमिनीला. उतार मिळाला की डबा धावतो. त्याला धावू देणारा आणखी कुणी कशाला हवा?

हे मत डळमळलं मुलीकडे कॅलिफोर्नियात, आणि तेही एका रोलर कोस्टरखाली उभं राहून. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला व्हॅलेन्सियात मॅजिक माउंटन नावाचं उद्यान आहे. तिथे १९७६ साली ‘ग्रेट अमेरिकन रेव्होल्यूशन’ सुरू झाली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं ते दोनशेवं वर्ष, म्हणून हे नाव. बांधणारे जर्मनीचे आंटोन श्वार्झकोफ, गणित वेर्नर श्टेंगेल यांचं. उभ्या फेऱ्यातून माणसांना उलटं करून धड बाहेर काढणारा आधुनिक काळातला हा पहिला पोलादी कोस्टर.

त्या गाडीला इंजिन नाही. साखळी तिला चढावर ओढते आणि सोडून देते. पुढचा सगळा वेग त्या उंचीतच जमा असतो. प्रारब्धाला सुटलेल्या बाणाची उपमा देतात. इथे बाणावर माणसं बसलेली, आणि तीही तिकीट काढून! इथवर जैमिनीच खरा.

पण उभा फेरा काही तिथे पहिल्यांदा झाला नव्हता. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९५ साली लिना बीचर यांनी ‘फ्लिप-फ्लॅप’ उभारला होता, सुमारे २५ फूट व्यासाचा, जवळपास पूर्ण गोल. उतार तोच, गुरुत्वाकर्षण तेच. बसणाऱ्यांच्या माना मात्र अवघडून निघत. वजनाच्या १२ पट दाब यायचा असं सांगतात. मग १९०१ साली एडविन प्रेस्कॉट यांनी तिथेच लंबगोल फेरा करून पाहिला. तो पुष्कळ सौम्य होता, तरी १९१० मध्ये बंद पडला.

चूक कुठे होती ते आमच्या गँगमनने दोरी लावून सांगितलं असतं. वळणावर बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला दोरी ताणायची आणि मधोमध पट्टी धरून दोरी रुळापासून किती मिलिमीटर सुटली ते मोजायचं. सरळ मार्गावर शून्य. मग आकडे ५, १०, १५ असे चढत गेले पाहिजेत. ५ नंतर एकदम २५ आला की समजावं, इथे प्रवाशाचा चहा सांडतो. म्हणून सरळ रूळ आणि गोलाई यांच्या मधे एक संक्रमण वक्र घालतात. वळणाआधीचं वळण. फ्लिप-फ्लॅपमध्ये ते नव्हतंच. सरळ संपलं की पुढच्याच इंचाला अख्खं वर्तुळ अंगावर.

श्टेंगेलनी रेव्होल्यूशनच्या फेऱ्यात हा वक्र घातला. तळाशी, जिथे वेग सर्वांत जास्त, तिथे वळण ऐसपैस. चढताना वेग मोडतो तसतसं ते आवळत जातं. म्हणून फेरा पाण्याच्या थेंबासारखा दिसतो. माथ्यावर उलटं असताना तुम्हाला सीटवर दाबून धरतं ते हेच वळण. सुरुवातीला मांडीवर फक्त एक आडवी दांडी होती आणि तेवढी पुरत होती.

तर मुद्दा असा. किती भोगायचं हे कर्माने ठरत असेलही, पण भोग कोणत्या वळणाने यावा हे त्या बेरजेत कुठे लिहिलंय? माझा थोरला भाऊ सकाळी डबा घेऊन कामावर गेला आणि दुपारी फोन आला. आई मात्र वर्षानुवर्षं खंगत गेली. शेवटी आम्हीच ‘आता ने रे बाबा हिला’ म्हणत होतो. शेवट दोघांचा एकच. आईच्या वेळी घर रडलं आणि सावरलं. वहिनी अजून दुपारचा फोन उचलत नाहीत. उंची जैमिनीची मानली, तरी आकार द्यायला कुणीतरी लागतो, आणि बादरायणांचा ईश्वर मला तिथे, त्या मधल्या जागेत, दिसू लागला.

मुलीला हे सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, फ्लिप-फ्लॅपही कुणीतरी आखलाच होता की.”

बरोबर आहे. आखणारा आहे म्हटलं म्हणजे तो दयाळू आहे असं होत नाही. बादरायण यावर म्हणतात की ईश्वर ज्याच्या त्याच्या कर्माकडे पाहूनच देतो, त्याच्याकडे पक्षपात नाही की निर्दयपणा नाही. मला हे उत्तर अपुरं वाटतं. कर्माकडे पाहून उंची ठरवा. संक्रमण वक्र वगळायला कोणतं कर्म लागतं? रेल्वेत वळण बिघडलं तर रजिस्टरमध्ये तपासणाऱ्याची सही सापडते आणि त्याला बोलावून विचारता येतं. जैमिनीच्या जगात ती जागा कोरीच आहे, तिथे तक्रारही करता येत नाही. मी हल्ली बादरायणांच्या बाजूला झुकलोय, पण भक्तीने नव्हे. भावाच्या त्या दुपारबद्दल मला कुणालातरी विचारायचं आहे.