माळकरी पलटणीत जातो तेव्हा

साताऱ्या-सांगलीकडे पहाटे गावाबाहेर पडलं, की डांबरी रस्त्यावर भरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसतात. 1600 मीटरची वेळ मोजायला एखादा सुट्टीवर आलेला जवान मोबाईल घेऊन उभा असतो. पळणाऱ्यांपैकी काहींच्या गळ्यात तुळशीची माळ असते. घरात पिढ्यान्‌पिढ्या वारी, एकादशी, ताटात कधी मटण-मासळी नाही. यातला एखादा निवडला गेला, तर सहा-सात महिन्यांत तो माणसावर नेम धरायला शिकलेला असेल. अग्निवीर व्हायला साडेसतरा वर्षं पुरी असली की चालतं. एवढ्या कोवळ्या वयात त्याच्यासमोर जो प्रश्न येतो, तो भल्याभल्यांनाही सुटलेला नाही: भूतमात्रांत देव पाहायला शिकवलेल्या माणसानं बंदूक हातात घ्यावी का?

आपल्या देशात सैन्यात जाण्याची सक्ती नाही, म्हणून हा निर्णय त्याचा स्वतःचा असतो. पोटाचा प्रश्न, कोरडवाहू जमीन, घरची सैनिकी परंपरा, देशाबद्दलची खरी ओढ, हे सगळं त्यात असतं. पण मनातली टोचणी कुणाजवळ बोलून दाखवली, तर त्याला ठरलेलं उत्तर मिळतं. ‘कृष्णानं अर्जुनाला काय सांगितलं? लढ! मग तू कसला विचार करतोस?’

मला हे उत्तर फार घाईचं वाटतं. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. पहिल्याच प्रवचनात विनोबा म्हणतात, की अर्जुनाला अहिंसेचा उमाळा आला नव्हता. आयुष्यभर तो लढतच आला होता. या वेळी समोर आपली माणसं दिसली म्हणून त्याचे हात गळाले. शेकडो आरोपींना फाशी सुनावणाऱ्या न्यायाधीशापुढे त्याचाच मुलगा उभा राहिला आणि त्याला एकाएकी फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागली, असा दाखला विनोबा तिथे देतात. म्हणजे गीतेनं अर्जुनाचा मोह दूर केला. पुढच्या प्रत्येक युद्धाला कोरा परवाना दिला, असं त्यातून निघत नाही. त्याच गीतेतून टिळकांनी मंडालेत कर्मयोग मांडला. तीच गीता मराठीत ‘गीताई’ म्हणून घरोघरी पोहोचवणारे विनोबा 17 ऑक्टोबर 1940 रोजी पवनारला युद्धाविरुद्ध बोलून पहिले वैयक्तिक सत्याग्रही झाले. दोघेही गीता जगलेले. तेव्हा ग्रंथाकडे बोट दाखवून या मुलाची सुटका होणार नाही, आणि आपणही ती करू नये.

प्रशिक्षण पुरं झालं की कसम परेड होते. धर्मग्रंथ आणि तिरंग्याच्या साक्षीनं जवान शपथ घेतो. त्या शपथेत राज्यघटनेशी निष्ठा आहे, जमिनीवरून, समुद्रातून वा हवेतून जिथे पाठवतील तिथे जाणं आहे, आणि जिवावर बेतलं तरी आज्ञा पाळणं आहे. स्वतःचा जीव देण्याची तयारी त्यात स्पष्ट आहे; दुसऱ्याचा घेण्याबद्दल एक शब्द नाही. मरणाची तयारी करून घेण्यात आपली परंपरा समर्थ आहे. तुकोबांनी पाइकावर अभंग रचले, त्यातला पाईक जिवावर उदार झालेला आहे, आणि तो जवानाला सहज जवळचा वाटतो. अवघड आहे ती दुसरी बाजू. आपण मारलेल्या माणसाचा चेहरा आठवत राहणं ही ती बाजू, आणि तिच्याविषयी कीर्तनात कुणी बोलत नाही.

नगर जिल्ह्यातला नामदेव जाधव हा तेवीस वर्षांचा शिपाई 9 एप्रिल 1945 रोजी उत्तर इटलीत सेनिओ नदीवर होता. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमधला, कंपनीचा निरोप्या. नदी ओलांडताच तीन मशीनगन चौक्यांनी आग ओकली आणि पुढे गेलेल्या तुकडीतले बहुतेक जण पडले. जाधवांनी एका जखमीला पाठुंगळी घेतलं, खोल पाण्यातून अलीकडे आणलं, उभा चढ चढून सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोहोचवलं. मग परत जाऊन दुसऱ्याला आणलं. दोन्ही खेपांना गोळ्या आणि तोफगोळे चालूच होते. तिसऱ्यांदा ते गेले ते मात्र चौक्यांवर चालून. पहिली टॉमीगननं गप्प केली. हाताला गोळी लागली, बंदूक चालेना, तेव्हा ती टाकून हातबॉम्बनी उरलेल्या दोन्ही चौक्या उडवल्या. मधे बॉम्ब संपले, तर सरपटत बंधाऱ्यावर येऊन सोबत्यांकडून आणखी घेतले. शेवटी बंधाऱ्यावर उघड्यावर उभं राहून युद्धघोषणा देत त्यांनी बाकीच्यांना नदीपार बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

हा प्रसंग वाचताना मी दरवेळी दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेच्या मधल्या क्षणाशी थांबतो. तीच नदी, तोच माणूस, तेच हात. दुसऱ्या खेपेत त्या हातांनी जीव वाचवला, तिसरीत जीव घेतले. नदीकाठी अडकलेल्यांसाठी ती तिसरी खेप झाली नसती, तर आणखी किती पडले असते? सैनिकाच्या वाट्याला येणारं धर्मसंकट असं असतं. हातावर हात ठेवून बसलं तरी तिथे कुणीतरी मरतंच. आणि ते युद्ध ज्या साम्राज्याच्या नावानं लढलं गेलं, ते जाधवांच्या देशाला गुलामीत ठेवणारं होतं, हा पेच आणखी वेगळाच.

त्याच वसंतात ओकिनावा बेटावर अमेरिकेचा डेस्मंड डॉस हा सैनिक शुश्रूषापथकात होता. त्याच्या पंथाच्या श्रद्धेनुसार त्यानं शस्त्र हातात धरायला नकार दिला होता, तरी तो सैन्यात गेला. कड्यावर गोळीबार चालू असताना त्यानं दोरानं एकेक जखमी खाली सोडला. सुमारे 75 जणांचे प्राण वाचवल्याचं श्रेय त्याला दिलं जातं. त्याला अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. बंदूक न धरता युद्धभूमीवर उभं राहता येतं, हे त्यानं दाखवलं. ज्याच्या श्रद्धेला मारणं मुळीच मान्य नाही, अशा मुलाला आपण भेकड म्हणून हिणवू नये. त्याला ही वाटही दाखवावी.

पण ज्याला बंदूक घ्यायचीच आहे, त्याची श्रद्धा त्याच्या काय कामाची? माझं मत स्पष्ट आहे. तिनं त्याला परवानगी देत बसू नये. तिनं त्याच्याकडे हिशेब मागत राहावं. आणि हा हिशेब नेहमी रणातलाच असतो असं नाही. शिवछत्रपतींचं चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा मनमानी उधळाल, तर तो संपेल, घोडी मरतील. मग कुणी कुणब्याचे दाणे आणील, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी सरपण, कुणी भाजी. असं झालं तर रयत म्हणेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. पुढे इतका बारीक तपशील, की रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील. हा राजा धर्माभिमानी होता. पण शिपायाला वागणूक शिकवताना त्यानं गवत, भाकरी आणि दिव्याच्या वातीबद्दल लिहिलं. हातात शस्त्र असलेला माणूस निःशस्त्र माणसाच्या दारात कसा वागतो, तिथे त्याची माळ खरी की खोटी ते कळतं.

आपला 1950 चा सैन्य कायदाही आज्ञाभंगाला शिक्षा सांगताना ‘कायदेशीर आज्ञा’ असंच म्हणतो. म्हणजे शरण आलेल्याला, पकडलेल्याला, घरात लपलेल्या बाईमाणसाला हात लावण्याची आज्ञा झाली, तर नाही म्हणायला कायद्यातही जागा आहे. मात्र ते म्हणण्याचं बळ कायद्याच्या पुस्तकातून येत नाही. ते लहानपणी कुठूनतरी आलेलं असावं लागतं, आणि माळकरी घर ते देऊ शकतं.

या श्रद्धेला एका गोष्टीची मात्र भीती आहे. समोरचा माणूस देवाचाच शत्रू आहे असं कुणी मनात भरवलं, की हिशेब संपला. पलटणींमध्ये सर्वधर्मस्थळ असतं, अधिकारी स्वतः कुठल्याही धर्माचा असो, जवानांच्या देवळात वा गुरुद्वारात त्यांच्यासोबत बसतो. ही रीत मला फार मोलाची वाटते. उलट टीव्हीसमोर बसून सूड मागणारे आपण रोज ती मोडत असतो.

म्हणून भरतीला निघालेल्या मुलाच्या आईवडिलांना माझी विनंती आहे. हा प्रश्न त्यानं विचारला तर त्याला गप्प करू नका. शपथेचे शब्द त्याच्यासोबत आधी घरी वाचा. आणि तो सुट्टीवर आला की गावातलं कुणीतरी पारावर हमखास विचारतं, ‘मग, किती उडवलेस?’ ते विचारणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. ज्याला आपण सगळ्यांनी मिळून पाठवलं, त्यानं तिथे जे केलं त्यात आपलाही वाटा आहे, आणि त्याला त्याबद्दल बोलावंसं वाटलं तर ऐकून घेण्याची जबाबदारीही आपलीच आहे.