बुडीत खातं

देहूचे तुकोबा आठवतात ते वीणा-चिपळ्यांसकट. तराजूसकट कुणाला आठवत नाहीत. घराणं मात्र व्यापाऱ्याचं. दुकान, देवघेव, गावची महाजनकी असं सगळं रीतसर चाललेलं. थोरले भाऊ सावजी यांचं मन संसारात नव्हतं, म्हणून मधल्या तुकोबांना कोवळ्या वयातच दुकानात बसावं लागलं. पुढे १६३०च्या आगेमागे मोठा दुष्काळ पडला आणि धंदा बसला. त्यानंतरचं त्यांनी आपल्या आत्मपर अभंगात स्वतःच सांगून ठेवलंय. पैसा आटला, पाठोपाठ मान गेला, एक बायको उपासमारीत गेली, व्यापारात तूट येत राहिली आणि जिवाला लाज वाटू लागली. दिवाळं निघालेल्या माणसाने मनाचा इतका सरळ जमाखर्च मांडल्याचं दुसरं उदाहरण मला तरी चटकन आठवत नाही.

त्याच देहूपासून तळवडे, चिखली, मोशी करत चाकणपर्यंत आज कारखान्यांचा पट्टा आहे. इथला नवा व्यापार शेअर बाजारातल्या कॉल आणि पुट ऑप्शन्सचा, तोही मोबाईलवर. दुसऱ्या पाळीवाल्याला सकाळ मोकळी असते आणि बाजार सव्वानऊला उघडतो. पहिल्या पाळीवाला पोझिशन उघडी ठेवून लाइनवर उभा राहतो. मोबाईल लॉकरमध्ये आणि जीवही लॉकरमध्येच. चहाची सुट्टी झाली की चहा राहतो बाजूला, आधी स्क्रीन बघायची. बाजाराची नियामक असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन आर्थिक वर्षांचा हिशेब जाहीर केला, २०२१-२२ ते २०२३-२४ चा. फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या दर १०० व्यक्तींमागे ९३ जणांचे पैसे गेले होते, खर्च धरून सरासरी दोन लाख. सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. शेवटच्या वर्षी या बाजारात उतरलेल्यांपैकी ४३ टक्के तिशीच्या आतले होते.

पण मला अडवतो तो त्याच अहवालातला आणखी एक आकडा. लागोपाठच्या वर्षांत तोटा खाऊनही तीन चतुर्थांशांपेक्षा जास्त लोक खेळतच राहिले. याला हाव म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. हाव असलेला माणूस नफ्यातही थांबत नाही. हे लोक तर थांबायलाच निघालेले असतात. त्यांचं वाक्य ठरलेलं: ‘एवढं रिकव्हर होऊ दे, मग ॲपच काढून टाकतो.’ म्हणजे बाजाराने आपले दोन लाख जणू उसने नेलेत आणि आज ना उद्या तो ते आणून देणार आहे. मनात एक कर्जखत लिहून ठेवलेलं असतं, व्याजासकट. त्यावर सही मात्र एकट्याचीच. ज्याच्याकडे पैसे गेले त्याला या माणसाचं नावही ठाऊक नाही. मग वसुलीसाठी लॉट वाढतो, स्टॉपलॉस काढला जातो, एक्स्पायरीच्या दुपारी पाच रुपयांचा प्रीमियम पन्नासला जाईल म्हणून उरलेलं सगळं लावलं जातं.

भामचंद्राच्या डोंगरावर तुकोबा ध्यानाला बसत. पायथ्याला शिंदे-वासुली, आणि आता चाकण एमआयडीसीच्या शेड थेट डोंगराजवळ येऊन ठेपल्यात. चरित्रकार सांगतात, मन स्थिर झाल्यावर त्यांनी घरातली कर्जखतं काढली आणि इंद्रायणीत सोडली. कीर्तनात हा प्रसंग वैराग्याचा म्हणून रंगवतात, ते योग्यच आहे. पण व्यापाऱ्याच्या नजरेनेही तो बघावा. दुष्काळाने होरपळलेल्या कुळांकडून त्यातलं किती वसूल झालं असतं? जे येणार नाही ते येणं बुडीत म्हणून लिहून टाकणं हे कुठलाही जाणता हिशेबनीस करतो. शिवाय धाकटे भाऊ कान्होबा संसाराचं काय म्हणून अडले, तेव्हा निम्मी खतं त्यांना दिली. नदीत गेली ती फक्त स्वतःच्या वाट्याची. आणि गेलं ते येणं, देणं नव्हे! तोटा भरायला काढलेल्या पर्सनल लोनचा हप्ता इंद्रायणीत बुडत नाही. तो पाच तारखेला खात्यातून कापला जातोच.

कारखान्यात रिजेक्ट झालेला जॉब लाल बिनमध्ये जातो. टॅग लागतो, संख्या शिफ्ट रिपोर्टमध्ये चढते, दुसऱ्या दिवशी ‘का’ला पुन्हा ‘का’ विचारून मुळाशी जायची बैठक होते. रिजेक्ट लपवणं हा तिथे रिजेक्टपेक्षा मोठा गुन्हा. ही शिस्त अंगात मुरलेला माणूस स्वतःचा तोटा मात्र कुठल्याच कागदावर चढवत नाही. कामगार पतसंस्थेतून कर्ज काढताना कारण लिहितो ‘घरदुरुस्ती’. जामीनदार दोन, दोघेही त्याच लाइनवरचे. एखादा तर पुढच्याच स्टेशनला बोल्ट आवळत असतो. आठ तास त्याच्याशी क्रिकेटवर बोलायचं आणि एक गोष्ट गिळून ठेवायची, हे दोन लाखांच्या तोट्याहून जड होत असणार.

तुकोबांची तूट घरात सगळ्यांना माहीत होती. पत्नी जिजाईंनी तर पुन्हा धंदा उभा राहावा म्हणून स्वतःच्या शब्दावर भांडवल उभं करून दिलं, अशी कथा आहे. नवऱ्याने तेही एका गांजलेल्याला देऊन टाकलं. त्यांच्या तोंडाची धार प्रसिद्ध आहे, आणि ती असायला कारणही होतं. पुढे एका अभंगात तुकोबा दिवाळं निघालं ते बरंच झालं म्हणतात आणि त्याच दमात बायको तापट मिळाली तेही बरं झालं म्हणतात. यातला विनोद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. ज्याच्यावर घरात कुणी ओरडतं, त्याचा तोटा निदान घराला कळलेला असतो. आपल्याकडे बऱ्याचदा बायकोला पहिल्यांदा कळतं ते वसुलीवाल्याच्या फोनवरून. घरात बोलायचं धाडस होत नसेल, रात्र रात्र डोळा लागत नसेल, नको ते विचार येत असतील, तर १४४१६ हा सरकारच्या टेली-मानसचा नंबर आहे. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

आणि सांगायचं तर आकडा पुरा सांगावा. दोन लाख गेलेले असताना बरेच जण घरी साठ हजार सांगतात. रडारड होते, शपथा होतात, देवाला हात लावला जातो, माफीही मिळते. पण ती साठ हजारांचीच. राहिलेले एक लाख चाळीस हजार त्या रात्रीही गादीखालीच राहतात, आणि ते कुणाला कळायच्या आत भरून काढायला माणूस सकाळी सव्वानऊला पुन्हा लॉगिन करतो.