देवळात हसावे का?



प्रभू येशू कधी हसला होता का? धर्मशिक्षणाच्या वर्गात दर वर्षी एखादा मुलगा हा प्रश्न विचारतोच, आणि शिक्षिका त्याला माझ्याकडे पाठवून मोकळ्या होतात. प्रश्न सोपा नाही. शुभवर्तमानात येशू रडल्याचे आपण वाचतो, एकदा लाजरसच्या कबरेपाशी आणि एकदा जेरुसलेम शहराकडे पाहून. तो हसल्याचा उल्लेख मात्र कुठेच नाही. चौथ्या शतकातील थोर प्रवचनकार संत जॉन क्रिझोस्तोम यांनी नेमके यावर बोट ठेवले आणि हसण्याखिदळण्याविरुद्ध आपल्या लोकांना चांगलेच खडसावले.

पण लिहिलेले नाही म्हणजे घडलेच नाही, असे म्हणता येत नाही. येशू शिंकला असेही कुठे लिहिलेले नाही! त्याचे बोलणे मात्र लिहिलेले आहे. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ काढायला निघालेला आणि स्वतःच्या डोळ्यात मुसळ असलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. पेल्यातले चिलट गाळून काढणारा आणि मग अख्खा उंट गिळणारा शास्त्री पाहा. गालीलमधले कोळी आणि शेतकरी हे ऐकताना गंभीर चेहऱ्याने बसले असतील, असे मला तरी वाटत नाही. आणि काना गावचे लग्न? सहा दगडी रांजण, म्हणजे आजच्या मापाने सुमारे ५०० ते ७०० लिटर द्राक्षारस, तोही पाहुणे अगोदरच भरपूर प्यालेले असताना. आंबट चेहऱ्याचा पाहुणा अशी भेट देत नाही.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण तुम्हाला ठाऊक आहे. युवा रविवारी मिस्सा संपल्यावर आपल्या मुलामुलींनी सभागृहात एक नाटुकली सादर केली. त्यात मिस्सेला उशिरा येऊन चिंचेखाली उभे राहणारे होते. दानाची पेटी जवळ आली की डोळे मिटून प्रार्थनेत बुडणारे होते. प्रवचनाच्या ऐन रंगात ज्यांचा मोबाईल वाजतो तेही होते. आणि ‘शेवटचा मुद्दा’ असे चार वेळा सांगूनही न थांबणारे एक फादर होते. सभागृह हसून हसून लोळले.

पुढच्याच आठवड्यात माझ्याकडे दोन प्रकारची माणसे आली. पहिल्यांचे म्हणणे असे, की फादर, पवित्र गोष्टींची थट्टा चालली आहे, ही मुले उद्या वेदीवर चढून नाचतील. दुसऱ्यांचे म्हणणे असे, की फादर, लोकांना काय, उगाच कुरकुर करतात, मुलांना करू दे की मजा. मी दोघांनाही चहा दिला आणि दोघांचेही ऐकून घेतले. दोघांच्याही म्हणण्यात काही तथ्य आहे. पण खरा प्रश्न दोघांच्याही नजरेतून सुटला आहे, असे मला वाटते.

आधी पहिल्यांचे बोलणे घेऊ. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला ॲरिस्टॉटलचा नीतिशास्त्राचा ग्रंथ अभ्यासावा लागे. त्याने सद्गुणांच्या यादीत चक्क विनोदबुद्धीला जागा दिली आहे. त्यासाठी त्याचा ग्रीक शब्द आहे ‘युट्रापेलिया’, म्हणजे सहज, सुरेख वळण घेणारी वृत्ती. तिच्या एका बाजूला विदूषक असतो. त्याला काहीही करून हशा हवा असतो, मग कोणाचे मन दुखावो. दुसऱ्या बाजूला रुक्ष माणूस असतो. तो स्वतः विनोद करत नाही आणि दुसऱ्याचा त्याला सोसवत नाही. सद्गुण या दोघांच्या मध्ये आहे.

गंमत पुढे आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात संत पौल हाच ग्रीक शब्द वापरतो, पण दुर्गुण म्हणून! अमंगळपणा आणि बाष्कळ बडबड यांच्या पंगतीत त्याने त्याला बसवले आहे, आणि त्याऐवजी तुमच्या तोंडी उपकारस्तुती असू द्या असे तो सांगतो. आता कोणाचे ऐकायचे? तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हा गुंता सोडवला. त्यांच्या मते मनालाही शरीरासारखा थकवा येतो, आणि खेळ व विनोद ही मनाची विश्रांती आहे. म्हणून विनोद हा सद्गुण होऊ शकतो. मात्र त्यांनी तीन अटी घातल्या. विनोद अश्लील किंवा इजा करणारा नसावा. हसताना मनाचा तोल सुटू नये. आणि स्थळ, काळ व माणूस पाहून तो केला जावा. पौलाने दोष दिला तो या अटी मोडणाऱ्या बोलण्याला. इतकेच सांगून अक्वायनस थांबले नाहीत. जो कधीच हसत नाही आणि दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालतो, तोही चुकतो, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. तेव्हा ज्यांचा चेहरा मिस्सेत बारा महिने तपःकाळात असतो, त्यांनी याचाही विचार करावा.

खुद्द पवित्र शास्त्र हसायला घाबरत नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२. पेत्र तुरुंगात आहे आणि सगळी मंडळी त्याच्या सुटकेसाठी कळकळीने प्रार्थना करत आहे. तेवढ्यात पेत्रच दार ठोठावतो. दासी धावत आत येऊन सांगते, तर प्रार्थना करणारेच तिला वेडी ठरवतात! आपणही असेच नाही का? अध्याय २० मध्ये पौलाचे प्रवचन मध्यरात्रीपर्यंत लांबते आणि युतुख नावाचा तरुण डुलकी लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. पौल त्याला जिवंत करतो आणि मग वर जाऊन पहाटेपर्यंत बोलतच राहतो. लांब प्रवचन देणाऱ्या सर्व धर्मगुरूंना हा अध्याय फार धीर देतो.

संतांचेही तसेच. सोळाव्या शतकात रोममध्ये संत फिलिप नेरी आपल्याला कोणी संत समजू नये म्हणून अर्धीच दाढी करून रस्त्यातून फिरत, असे सांगतात. संत जॉन बॉस्को यांनी १८३२ साली, विद्यार्थी असताना, किएरी गावात मित्रांची ‘आनंद मंडळी’ काढली होती. या माणसांनी देवाला गंभीरपणे घेतले, म्हणून त्यांना स्वतःला फारसे गंभीरपणे घ्यावे लागले नाही. आपल्यापैकी अनेकांचे नेमके उलट असते. देवाचा मान राखतो असे म्हणत आपण पुष्कळदा स्वतःचाच मान राखत असतो.

एवढे वाचून आपल्या युवकांना आनंद झाला असेल. आता त्यांच्यासाठी.

त्या नाटुकलीत आणखी एक पात्र होते. एका व्यक्तीच्या बोलण्यातला अडखळा त्यात हुबेहूब उचलला होता. नाव घेतले नव्हते, पण ओळखले सर्वांनी, आणि सर्वात मोठा हशा तिथेच झाला. ती व्यक्ती तेव्हा सभागृहात होती. त्यानंतर तीन रविवार ती अगदी मागच्या बाकावर बसून, कम्युनियन घेऊन, कोणाशी न बोलता घरी जात आहे. त्या व्यक्तीच्या संमतीनेच मी हे लिहीत आहे.

उशिरा येणे, मोबाईल वाजणे, प्रवचन लांबणे या गोष्टी आपण बदलू शकतो. त्यांवर हसलो तर सुधारायला मदतच होते. जीभ अडखळणे कोणी निवडत नाही. अक्वायनस यांनी उपहासाला वेगळे पाप मानले आहे. चोर वस्तू नेतो. उपहास करणारा समोरच्याला लाजवू पाहतो, आणि त्याचे दुःख जणू क्षुल्लक आहे असे वागतो. ‘आम्ही फक्त गंमत केली’ ही सबब इथे उपयोगी पडत नाही, कारण दुसऱ्याच्या व्यथेला गंमत समजणे हाच तर त्यातला अपराध आहे.

इतिहासातही हे घडले आहे. जर्मन भाषिक प्रदेशात पूर्वी पुनरुत्थान सणाच्या मिस्सेत धर्मगुरू विनोद सांगून लोकांना हसवत. मरण हरले म्हणून हसायचे, अशी त्यामागची सुंदर कल्पना. पण पुढे विनोद इतके घसरले, की १५१८ साली इकोलाम्पाडियस नावाच्या पंडिताने त्याविरुद्ध पुस्तिकाच लिहिली. हसू सुरू कशाने झाले ते लोक विसरले आणि नुसता हशा उरला.

आपली मराठी भाषा हा फरक फार नेमका सांगते. ‘लोक माझ्याबरोबर हसले’ आणि ‘लोक मला हसले’. शब्द जवळपास तेच, पण एकात मी पंगतीत आहे आणि दुसऱ्यात ताटात. म्हाताऱ्या साराला मूल झाले तेव्हा देवाने मला हसवले, आता ऐकणारे सगळे माझ्याबरोबर हसतील, अशा अर्थाचे ती बोलली. मुलाचे नाव इसहाक, त्यातही हसणेच आहे. याउलट याईराच्या घरी मुलगी झोपली आहे असे येशू म्हणाला, तेव्हा जमलेले लोक त्याला हसले. पुढे शिपायांनी त्याला काट्यांचा मुकुट घातला, हातात वेत दिला आणि गुडघे टेकून त्याची नक्कल केली. शुभवर्तमानात येशू हसल्याचे लिहिलेले नाही. त्याला हसल्याचे लिहिलेले आहे. सभागृहात हशा पिकतो तेव्हा आपला प्रभू कोणत्या खुर्चीवर बसलेला असतो, याचा अंदाज आपण त्यावरून बांधू शकतो.

प्रभुघरी गेलेले आपले पोप फ्रान्सिस यांनी १४ जून २०२४ रोजी शंभराहून अधिक विनोदी कलाकारांना व्हॅटिकनमध्ये बोलावले होते. आपल्या प्रिय माणसांशी करतो तशी थट्टा देवाशीही करता येते, असे त्यांनी सांगितले. मात्र श्रद्धाळूंच्या, विशेषतः गरिबांच्या भावना दुखावू नयेत, असेही ते म्हणाले. ‘विशेषतः गरिबांच्या’ हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. विनोद वरच्या माणसावर करायला धैर्य लागते, खालच्यावर करायला काहीच लागत नाही.

म्हणून युवा मंडळाची नाटुकली बंद होणार नाही. तक्रार करणाऱ्यांनी पुढच्या वर्षी पहिल्या रांगेत येऊन बसावे, आणि फादरांचे पात्र मुलांनी जरूर ठेवावे. फक्त संहिता लिहिताना एक प्रश्न विचारावा: ज्याच्यावर हा विनोद आहे, तो माणूस आपल्या शेजारी बसून हसू शकेल का? उत्तर नाही असेल, तर तेवढी ओळ खोडावी. असे केल्याने विनोद कमी होत नाही, उलट तो शोधायला जास्त डोके लागते.

आणि एक काम पुढच्या वर्षापर्यंत थांबणारे नाही. मंडळातील तीन मुले परवा आपणहून त्या घरी जाऊन आली. चहा झाला, थोडे बोलणे झाले, सगळे सुरळीत झाले असे मात्र म्हणता येणार नाही. जखम हशाइतक्या लवकर विरत नाही. बाकीचे आपण सगळे, जे त्या दिवशी हसलो, आपणही काही करू शकतो. येत्या रविवारी मागच्या बाकावर जागा रिकामी असते. तिथे जाऊन बसा, आणि शांतिचिन्ह देताना हात जरा घट्ट धरा.

प्रभूची शांती आणि त्याचा आनंद तुमच्या घरी नांदो.

ख्रिस्तात तुमचा,
प्रमुख धर्मगुरू