संकल्प कोणाचा?

आपल्याकडे कोणत्याही विधीच्या आरंभी यजमान हाती उदक घेऊन आपले नाव, गोत्र आणि हेतू उच्चारतो, आणि हजला निघालेल्या मुसलमानासही प्रथम नियत, म्हणजे हेतूचा संकल्प, करावी लागते. कर्म कितीही यथासांग झाले तरी ते कोण आणि कशासाठी करतो आहे हे ठरल्याविना फलदायी होत नाही, याविषयी दोन्ही परंपरांचे मतैक्य दिसते. मग ज्याने नावच खोटे सांगितले, त्याच्या यात्रेचे काय?

असा एक यात्रेकरू म्हणजे रिचर्ड बर्टन. तो १८४२ साली कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत दाखल झाला, गायकवाडांच्या बडोद्यास पलटणीत राहिला, गुजराती-मराठीच्या परीक्षा उतरला; आणि १८६१ पासून फर्नांदो पो, सांतोस, दमास्कस व त्रिएस्त येथे ब्रिटिश कॉन्सल म्हणून त्याने उर्वरित हयात काढली. परंतु त्याची कीर्ती आहे ती १८५३ च्या यात्रेमुळे. फौजेतून रजा घेऊन, अब्दुल्ला नावाचा पठाण हकीम बनून तो मदिना व मक्का करून आला. नमाज बिनचूक, अंगावर इहराम हे यात्रेकरूचे वस्त्र, प्रदक्षिणा पूर्ण. बाह्यांगात काही उणे नव्हते. तथापि काबाच्या अंतर्भागात उभा असता त्याच शुभ्र इहरामावर तो पेन्सिलीने नकाशा टिपीत होता, आणि इतरांचे अंतःकरण भक्तीने भरून आले असता आपल्या ठायी केवळ तृप्त अभिमान होता, अशी कबुली त्याने स्वतःच आपल्या वृत्तांतात दिली आहे.

वेषांतराने यात्रा भ्रष्ट होते असे मला वाटत नाही. प्राणभयाने नाव लपविणारा भाविकही यात्रेकरूच. बर्टनचा संकल्प मुळी नकाशाचा होता, आणि त्याचे फळ त्याला ग्रंथ व लौकिक यांच्या रूपाने पुरेपूर मिळाले. पुण्याचा दावा त्याने केला नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा.

२० ऑक्टोबर १८९० रोजी त्रिएस्त येथे त्याचा अंत झाला, तेव्हा कॅथलिक पत्नी इझाबेल हिने पाद्रीस पाचारण करून मरणासन्नास लावावयाचे अंतिम अभ्यंगाचे तेल त्याच्या देहास लावविले. प्राण त्यापूर्वीच गेले होते, असा आक्षेप पुढे घेतला गेला; तिला तो मान्य नव्हता. मक्केस बर्टनचे चित्त जागे होते, पण भक्तीत नव्हते. त्रिएस्तला चित्ताचाच ठाव नव्हता. त्या विधीतला संकल्प सर्वस्वी इझाबेलचा होता; त्याचे पुण्य, असलेच तर, तिच्याच पदरी जमा धरले पाहिजे.