आमची गाणी, आपली गाणी

जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या चाहत्यांचे स्नेहमेळावे आपल्या सीमाभागातील मंडळींना नवे नाहीत. कधी कोल्हापूर, कधी पुणे, क्वचित मुंबई. बेळगावहून निघालेली चार-सहा मंडळी संकेश्वरमार्गे तवंदीचा घाट उतरतात, निपाणीला आणखी दोघा-तिघांना बरोबर घेतात आणि कोगनोळी, कागल मागे टाकून कोल्हापूर गाठतात. अंतर सुमारे ११० किलोमीटर, आणि प्रवासी बहुधा साठी-सत्तरी उलटलेले. दिवसभर गाणी ऐकायची, त्यांवर बोलायचे, वाद घालायचे आणि रात्री परतायचे. घरातील तरुण पिढी यावर एक प्रश्न विचारते: ही सारी गाणी फोनवर हवी तेव्हा ऐकता येतात, मग एवढ्या लांब जायचे कशासाठी? या प्रश्नात उद्धटपणा नाही, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगाही नाही. एखाद्या गोष्टीवर प्रेम करणाऱ्या माणसाचे त्याच गोष्टीवर प्रेम करणाऱ्या दुसऱ्या माणसाशी काही नाते असते काय, आणि असल्यास त्या नात्याचे काही देणे लागते काय, असा नैतिक प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे.

नेहमीची उत्तरे पुरेशी नाहीत. तारुण्याच्या आठवणी जाग्या होतात म्हणून आम्ही जातो, असे म्हणावे, तर आठवणी एकांतात अधिक स्पष्टपणे जाग्या होतात. दुर्मीळ गाणी ऐकायला मिळतात म्हणावे, तर पूर्वी ज्या तबकडीसाठी चोरबाजार पालथा घालावा लागे, तिच्यातील गाणे आज घरबसल्या मिळते. मित्र भेटतात, हे खरे आहे. पण मेळाव्यात शेजारी बसलेला माणूस पुष्कळदा पूर्वी कधीही न भेटलेला असतो. तरीही मधल्या सुटीत त्याच्याशी बोलताना जुनी ओळख असल्यासारखे वाटते. या अनुभवाचा उलगडा आधी करायला हवा.

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रुचकर आणि सुंदर यांत भेद केला आहे. मराठी वाचकांना हा विचार रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’मुळे परिचित आहे. मला तिखट आवडते आणि तुम्हाला गोड आवडते, यावर वाद होत नाही. पण एखादी गोष्ट सुंदर आहे असे मी म्हणतो, तेव्हा मी केवळ स्वतःपुरते बोलत नसतो. इतरांनीही ते मान्य करावे अशी अपेक्षा त्या बोलण्यातच असते. हे मत तर्काने सिद्ध करता येत नाही आणि सक्तीने लादताही येत नाही. समोरच्याला गाणे ऐकवावे आणि वाट पाहावी, एवढेच हाती उरते. शेजारच्या अनोळखी माणसाची मान नेमक्या त्याच जागेवर हलली, म्हणजे आपल्या निर्णयाला साक्षीदार मिळतो. ही साक्ष फोन देऊ शकत नाही.

आपल्या साहित्यशास्त्राने अशा साक्षीदारासाठी ‘सहृदय’ हा शब्द शेकडो वर्षांपूर्वी घडवून ठेवला आहे. समान हृदय असलेला तो सहृदय. अभिनवगुप्ताने भरताच्या नाट्यशास्त्रावरील टीकेत तर असेही सुचविले आहे की, सर्व प्रेक्षकांची प्रतीती एकवटली म्हणजे रसाचा परिपोष अधिक चांगला होतो. म्हणजे समूहात रसाची वाटणी होऊन तो कमी होत नाही, उलट वाढतो. पैसा, जमीन, पाणी यांच्या बाबतीत असे होत नाही.

मेळाव्याचा खरा गुण मात्र याहूनही साध्या गोष्टीत आहे. घरी आपण आपल्या आवडीचे गाणे ऐकतो. मेळाव्यात दुसऱ्याच्या आवडीचे ऐकून घ्यावे लागते. ही शिस्त आमच्या पिढीला रेडिओने लावली. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ १९५२ मध्ये केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते कट्टर अभिमानी. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली आणि देशभरचे श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानींचा आवाज मुंबईत ध्वनिमुद्रित होई, फिती कोलंबोला जात, आणि बुधवारी रात्री ८ वाजता तो आवाज समुद्र ओलांडून निपाणीच्या तंबाखूच्या वखारीपासून बिहारातील खाणीच्या गावापर्यंत एकाच वेळी पोहोचे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, तोवर श्रोत्यांची सवय पक्की झाली होती. आपल्या पसंतीचे गाणे लागण्यापूर्वी दहा परक्या माणसांच्या फर्माइशी ऐकाव्या लागत. झुमरीतलैया हे गाव नकाशावर कोठे आहे हे ठाऊक नसलेल्यांनाही तेथील श्रोत्यांची नावे ओळखीची झाली होती. न मागितलेल्या गाण्यांतच कित्येकांना आपली आयुष्यभराची आवडती गाणी सापडली. आज निवड संपूर्णपणे आपल्या बोटाखाली आली आहे. या सोयीबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण दुसऱ्याची आवड आदराने ऐकून घेण्याचा रोजचा सराव मात्र त्याबरोबर सुटला. मेळाव्याला जाणारा माणूस तो सराव पुन्हा करण्यासाठी जातो.

येथे आपल्या भाषेतील एका सूक्ष्म भेदाकडे लक्ष वेधावेसे वाटते. हिंदीत ‘हम’ हे एकच सर्वनाम आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ अशी दोन सर्वनामे आहेत. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवून बोलतो तेव्हा ‘आम्ही’, त्याला आत घेऊन बोलतो तेव्हा ‘आपण’. हिंदी गाण्यातील गायक ‘हम’ म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘आम्ही’ करायचा की ‘आपण’, हे मराठी श्रोत्याला मनोमन ठरवावे लागते. माझ्या मते या मेळाव्यांचे नैतिक मोल याच निवडीत आहे. आमची गाणी म्हणत घरातून निघालेला माणूस परतताना आपली गाणी असे म्हणू लागला, तर प्रवास सार्थकी लागला.

ही गाणी कोणा एकाची आमची होऊच शकत नाहीत, हे त्यांच्या जन्मकथेवरूनच दिसते. १९५६ सालचेच उदाहरण घेऊ. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना अमलात आली आणि बेळगाव, निपाणी हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतरची सात दशके आपल्या घराघरांतून कशी गेली, हे या पत्रिकेच्या वाचकांना सांगायला नको. त्याच वर्षी ‘बसंत बहार’ हा हिंदी चित्रपट आला. त्याची कथा त. रा. सुब्बराव यांच्या ‘हंसगीते’ या कन्नड कादंबरीवरून घेतलेली; दिग्दर्शक राजा नवाथे मराठी; संगीतकारांपैकी शंकर हैदराबादकडून आलेले आणि जयकिशन गुजरातेतून; गीतकार शैलेंद्र आणि हसरत जयपुरी; नायकासाठी गाणारे मन्ना डे बंगाली. आणि त्यांच्यासमोर जुगलबंदीला बसले भीमसेन जोशी, म्हणजे गदगच्या मातीतून येऊन पुण्याचे झालेले गायक. शंकर-जयकिशन यांचा वाद्यवृंद दीर्घकाळ सांभाळणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे होते. नकाशावर भाषांच्या रेषा आखल्या जात असताना मुंबईच्या एका ध्वनिमुद्रणगृहात त्याच भाषांची माणसे एकत्र बसून तीन-साडेतीन मिनिटांचे एकेक गाणे उभे करीत होती. त्या गाण्यात कन्नडचा वाटा किती आणि मराठीचा किती, याचा निवाडा कोणताही आयोग करू शकणार नाही.

याचा अर्थ रसिकांच्या मेळाव्यात आमचेपणाचा दोष शिरत नाही, असे नव्हे. तो तेथेही शिरतो, आणि ज्ञानाच्या रूपाने शिरतो. अमुक तबकडी माझ्याखेरीज कोणापाशी नाही, अमुक गाण्याचे तिसरे कडवे फक्त मला पाठ आहे, या बढाईत आणि जमिनीच्या मालकीच्या बढाईत फरक नाही. एखाद्या तरुणाने संगीतकाराचे नाव चुकविले की त्याला चारचौघांत हिणवणारे दर्दीही पाहण्यात येतात. अमुक सालानंतर संगीत संपले, असा निकाल देऊन नव्याला दारातूनच परत पाठविणारेही असतात. असे प्रेम म्हणजे कुलूपबंद कोठार होय. याउलट कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी १९३१ पासूनच्या हिंदी चित्रपटगीतांची दशकवार नोंद करून गीतकोशाचे खंड सिद्ध केले. मुंबईत १९९० मध्ये ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची संस्था स्थापन झाली. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्यांनी तेथे स्वतः जमविलेले इतरांना ऐकविण्याचा परिपाठ ठेवला. जमविण्याइतकेच देण्याला महत्त्व देणारी ही परंपरा आहे. न वाटलेली गोष्ट शेवटी कोणाचीच राहत नाही. १९३१ सालचा ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट. त्यातील गाण्यांच्या तबकड्या निघाल्या नाहीत आणि चित्रपटाची प्रतही आज उपलब्ध नाही. ज्या गाण्यांपासून ही सारी कथा सुरू झाली, तीच आज आपल्याला ऐकता येत नाहीत.

आता एका गंभीर आक्षेपाचा विचार केला पाहिजे. सीमाभागातील मराठी माणसाने कन्नडभाषक शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून हिंदी गाण्यावर मान डोलवावी, ही वेदनेपासून काढलेली पळवाट तर नव्हे? शाळा, कागदपत्रे, फलक यांतील मराठीचा प्रश्न सुटलेला नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा प्रलंबित आहे. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये तणाव वाढला, तेव्हा दोन्ही राज्यांमधील बसगाड्या थांबल्या. अशा वेळी गाण्यांच्या गोडव्यात रमणे हे कर्तव्याला पाठ दाखविणे होय, असे कोणी म्हणाले, तर त्याचे म्हणणे तुच्छतेने झटकून टाकू नये.

गाणे हा न्यायाचा पर्याय नाही, हे आधीच मान्य करू. ज्याच्या मुलाला मातृभाषेत शिकायचे आहे, त्याला चांगल्या गाण्याने गप्प बसवता येत नाही, बसवूही नये. हक्काची मागणी करताना ‘आम्ही’ म्हणावेच लागते. अर्जाच्या खाली सह्या आम्हीच्या असतात. मात्र न्याय मागायचा तो शत्रूला नष्ट करण्यासाठी की शेजाऱ्याबरोबर नीट राहता यावे यासाठी, हा प्रश्न उरतोच. दुसरे उत्तर खरे असेल, तर ज्याच्याविरुद्ध आम्ही म्हणायचे, त्याच्याबरोबर आपण म्हणण्याची एखादी तरी जागा शिल्लक असावी लागते. ती जागा निर्णयांनी किंवा ठरावांनी तयार होत नाही. चिकोडीचा एखादा निवृत्त कन्नड शिक्षक आणि निपाणीचा एखादा मराठी व्यापारी तलतच्या एकाच गाण्यासाठी आग्रह धरतात, तेव्हा दोघांपैकी कोणाचाही दावा मागे घेतला जात नाही. दोघेही आपापल्या मतासह घरी जातात. परंतु दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ते लोक असा शब्द वाचताना त्या शब्दाला एक चेहरा लाभलेला असतो. एवढा बदल पुष्कळ आहे, असा माझा दावा नाही. पण तो खोटाही नाही.

हिंदी गाणे यासाठी विशेष उपयोगी पडते, याचे कारण ते आपल्या दोघांच्याही घरचे नाही. मराठी नाट्यगीतांच्या मैफलीत आपण यजमान असतो आणि कन्नड मित्र पाहुणा. वचनगायनात तो यजमान असतो. यजमान कितीही प्रेमळ असला, तरी पाहुण्याला आपले बसणे-उठणे जपावे लागते. तिसऱ्याच भाषेतील गाण्यापुढे मात्र दोघेही सारखेच पाहुणे ठरतात, आणि पाहुण्याला पाहुण्याशी उदार होणे सोपे जाते. अर्थात पुढे नाट्यगीत आणि वचन ही दोन्ही एकमेकांच्या घरी जाऊन ऐकण्याइतका मोकळेपणा यावा, हीच अपेक्षा. सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या मुलखात ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

सरकारी नोकरीत जमिनीचे कागद पाहण्यात आयुष्य गेल्यामुळे मला या संदर्भात दोन शब्द आठवतात: मालकी आणि वहिवाट. मालकी कागदावर लिहिलेली असते. मालक वर्षानुवर्षे फिरकला नाही, तरी केवळ तेवढ्याने ती जात नाही. वहिवाटीच्या पायवाटेचे तसे नसते. ज्यांची जमीन नाही असे लोकही त्या वाटेने जातात, आणि त्यांच्या जाण्यानेच ती वाट राहते. गाण्यावरचा आपला हक्क या दुसऱ्या प्रकारचा आहे. सैगल १९४७ मध्ये गेले, रफी १९८० मध्ये, लताबाई २०२२ मध्ये, आणि अमीन सयानी २०२४ मध्ये. गाणारे आणि ऐकविणारे गेले. गाणी फोनमध्ये सुरक्षित आहेत. आता प्रश्न आहे तो त्या वाटेने एकमेकांबरोबर जाणाऱ्यांचा.

म्हणून घरातील तरुणाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देताना त्याला एकदा बरोबर यायला सांगावे. त्याला आपली परीक्षा घेणारे म्हातारे तेथे भेटू नयेत, याची काळजी आपण घ्यावी; त्याची फर्माइश आपल्या आवडीची नसली, तरी ती शेवटपर्यंत ऐकून घ्यावी. आणि निपाणीला गाडी थांबेल तेव्हा एखादी जागा कन्नड मित्रासाठी राखून ठेवावी.