तुल्यबळ पर्यायांतील निवड: दोन जर्मन सेडानांचा दाखला

दोन गोष्टींपैकी चांगली कोणती, या प्रश्नाला उत्तर असतेच असे धरून माणूस तुलनेला बसतो. पहिली दुसरीपेक्षा सरस असेल, उणी असेल किंवा दोन्ही सारख्या असतील; चौथी शक्यता नाही, असा हा समज. तो कितपत खरा आहे हे तपासायला महागड्या, वेगवान सेडान गाड्यांच्या खरेदीइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. इथे बहुतेक गुण आकड्यांत मांडलेले असतात आणि तरीही निर्णय अडतो.

बीएमडब्ल्यूची २०१७ साली आलेली एम५ आणि मर्सिडीज-एएमजीने तिच्या आदल्या वर्षी सादर केलेली ई६३ एस या दोन गाड्या घेऊ. दोन्ही चार दारांच्या, दोन्हींत टर्बोची जोडी असलेले व्ही८ इंजिन, दोन्हींत चारही चाकांना ताकद देण्याची सोय. एम५ चे इंजिन ४.४ लिटरचे, ६०० अश्वशक्तीचे, ७५० न्यूटन-मीटर टॉर्क देणारे. ई६३ एसचे ४ लिटरचे, ६१२ अश्वशक्तीचे, ८५० न्यूटन-मीटरचे. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला, कंपन्यांच्या आकड्यांनुसार, दोघींनाही ३.४ सेकंदच लागतात. म्हणजे ज्या आकड्यावर अशा गाड्यांची जाहिरात होते, तोच आकडा इथे काही सांगत नाही.

फरक आहेत ते निराळ्या जातीचे. एम५ पोलादी स्प्रिंगांवर उभी आहे. ई६३ एसला हवेचे सस्पेन्शन आहे. एम५ च्या स्टिअरिंगवर दोन लाल बटणे आहेत, त्यांत चालकाने स्वतः जुळवलेली मांडणी साठवता येते; आणि स्थैर्य सांभाळणारी यंत्रणा पूर्ण बंद केली की ही गाडी फक्त मागच्या चाकांवर चालवता येते. ई६३ एसमध्येही ड्रिफ्टची सोय आहे. शिवाय सावकाश चालताना तिच्या आठपैकी चार सिलिंडर आपोआप विश्रांती घेतात. तिचे इंजिन अफाल्टरबाखच्या कारखान्यात एकच कारागीर पहिल्यापासून शेवटपर्यंत जोडतो आणि त्याच्या सहीची पट्टी इंजिनावर बसवली जाते. बॉनेट उघडले की ती सही समोर दिसते. तिचा वेगाशी काडीचाही संबंध नाही, पण ज्याला माणसाच्या हाताची किंमत आहे त्याच्या लेखी ती क्षुल्लक नाही.

अशा वेळी सगळे गुण एका मापात आणावेत, हा पहिला उपाय सुचतो. जेरेमी बेंथम यांनी १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुखाची तीव्रता, काळ, खात्री वगैरे धरून असा हिशेब मांडता येईल असे सुचवले होते. गाड्यांच्या परीक्षणांतले गुणतक्ते त्याच कुळातले. वेगाला इतके गुण, आरामाला इतके, हाताळणीला इतके, मग बेरीज. अडचण बेरजेत नाही, त्याआधीच्या वाटपात आहे. आरामाला दहा गुण द्यायचे की वीस, हे तक्ता सांगत नाही. आणि तिथे केलेला किरकोळ बदलही शेवटी विजेता बदलतो. जो निर्णय तक्त्याने द्यायचा, तोच तक्ता भरण्याआधी घ्यावा लागतो. किमतीचाही उपयोग होत नाही. ती बाजाराची मागणी सांगते, घेणाऱ्याच्या आयुष्यात त्या गुणाचे मोल काय हे सांगत नाही.

न्यायदर्शनाने या अडचणीकडे निराळ्या बाजूने पाहायला शिकवले असते. न्यायसूत्रांतील सोळा पदार्थांत संशय तिसरा येतो. तिन्हीसांजेला दूरवर उभे काही दिसते आणि ते खांब की माणूस हे कळत नाही, हा त्याचा नेहमीचा दाखला. उंची दोघांत समान, म्हणून संशय. जवळ गेल्यावर हातपाय दिसले, विशेष धर्म कळला, की संशय फिटतो. दोन गाड्यांपुढे उभ्या असलेल्या माणसाचे तसे नाही. त्याला सगळे विशेष धर्म आधीच ठाऊक आहेत. आणखी एक परीक्षण वाचले, आणखी एक चित्रफीत पाहिली, तरी त्याच्या ज्ञानात विशेष भर पडत नाही आणि अडखळणेही सरत नाही. अज्ञानावरचा उपाय इथे चालत नाही, कारण दुखणे अज्ञानाचे नाही.

त्याच यादीत संशयानंतर लगेच प्रयोजन येते, आणि हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. कशासाठी हवी, हे ठरले की पुष्कळ खरेद्या सुटतात. मात्र या जातीच्या गाडीचा जन्मच दोन प्रयोजनांतून झाला आहे. १९८० च्या दशकातील पहिल्या एम५ मध्ये बीएमडब्ल्यूने आपल्या एम१ या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाची सुधारित आवृत्ती साध्या दिसणाऱ्या घरगुती सेडानमध्ये बसवली. घरच्यांना आरामात नेणे आणि ट्रॅकवर धावणे, दोन्ही एकाच गाडीत मागणारा माणूसच हिचा गिऱ्हाईक. प्रयोजन विचारले तर तो दोन सांगतो आणि प्रश्न परत तिथेच येतो.

मग दोन्ही सारख्याच म्हणाव्यात का? तसेही म्हणता येत नाही. २०१८ साली एम५ ची कॉम्पिटिशन आवृत्ती आली. ताकद ६२५ अश्वशक्ती, वेळ ३.३ सेकंद. ज्याला वेग हवा त्याच्या दृष्टीने ती मूळ एम५ पेक्षा निश्चित वरचढ. एम५ आणि ई६३ एस खरोखर समसमान असत्या, तर या वाढीव पंचवीस अश्वशक्तीने पारडे लगेच झुकायला हवे होते. पण दोघींत अडकलेला माणूस आता कॉम्पिटिशन आणि ई६३ एस यांच्यातही तसाच अडकतो. तत्त्वज्ञ जिला छोट्या सुधारणेची कसोटी म्हणतात ती हीच. जोसेफ रॅझ यांनी १९८६ च्या ग्रंथात असे पर्याय एका मापात न बसणारे आणि म्हणून परस्परांशी तुलना न होणारे मानले. रूथ चँग यांचे म्हणणे निराळे: तुलना होते, पण तिचे उत्तर सरस, उणे, समान या तिन्हींत न बसणारे चौथे असते; दोन पर्याय तुल्यबळ असतात.

इथे मध्ययुगीन दाखल्यांपासून सावध राहायला हवे. अल-गझालींनी भुकेल्यापुढे दोन हुबेहूब खजूर ठेवले. जाँ ब्युरिदाँ यांच्या नावावर खपणारे, पण त्यांच्या ग्रंथांत न आढळणारे गाढव दोन सारख्या गवताच्या ढिगांमध्ये उपाशी मरते. तिथे कोणताही खजूर उचलला तरी काही गमावत नाही. ई६३ एस घेणारा मात्र एम५ ची ती दोन लाल बटणे खरोखर गमावतो, आणि हवेच्या सस्पेन्शनच्या आरामाने त्या तोट्याची भरपाई होत नाही. नाणे उडवणे खजुराला शोभते, इथे नाही.

कठोपनिषदात यम नचिकेत्यापुढे रथांसह अनेक भोग ठेवतो आणि तो ते सारे नाकारतो. हिताचे ते श्रेय आणि आवडते ते प्रेय, हा तिथला भेद इथे आपोआप लागू पडत नाही, कारण दोन्ही गाड्या प्रेयाच्याच बाजूला आहेत. पण इतका पैसा गाडीत घालावा का, हा प्रश्न तो भेद विचारतो, आणि क्रमाने तो पहिला आहे. त्याचे उत्तर होकारार्थी असेल तरच पुढच्या तुलनेला अर्थ आहे.

तुलनेविषयीच्या वरील मतांत चँग यांचे मत या उदाहरणाशी सर्वांत नीट जुळते. अनुभवही तेच सांगतो: अडकलेला माणूस तुलना करत असतो आणि ती अर्थपूर्णही असते; फक्त तिच्यातून क्रमांक निघत नाही. तिथून पुढे कारण शोधायचे नसते, एका कारणाच्या पाठीशी स्वतः उभे राहायचे असते. आपण गाडी चालवणारा माणूस आहोत की घरच्यांना घेऊन दूर जाणारा, हे घेणारा तिथे ठरवतो आणि त्या ठरवण्याची जबाबदारीही त्याचीच. म्हणून दोन्ही गाड्या आपल्या रोजच्या रस्त्यावर, घरच्यांना मागच्या सीटवर बसवून चालवून पाहाव्यात, आणि त्यानंतर नवा तक्ता करू नये.