नॉलिवुडमधली बायको आणि संस्कृतीचे वकील

नायजेरियन चित्रपटांतली, म्हणजे नॉलिवुडमधली, बायको किती चांगली आहे, हे ठरते जेवणाच्या टेबलावर. नवरा कामावरून येतो, भांड्यावरचे झाकण उचलतो, इगुसी नावाच्या बियांच्या रश्शात बोटे बुडवतो आणि विचारतो, हे कोणी केले? उत्तर ‘मोलकरणीने’ असे आले, की पुढच्या दोन तासांत काय होणार हे प्रेक्षकाला कळून चुकते. रस्सा ताजा हवा, फ्रिजमधून काढून गरम केलेला चालत नाही. सोबत कोनफळाच्या जातीच्या याम कंदाचा कुटून केलेला गोळा हवा. योरुबा समाजातले घर असेल तर सुनेने थोरांपुढे गुडघे टेकायला हवेत. लग्नानंतर लवकर मूल हवे आणि तो मुलगा हवा. मूल झाले नाही तर दोष तिचाच असतो, नवऱ्याला तपासून घ्यायचे कोणाच्या मनातही येत नाही. मग सासू गावाकडून दुसरी मुलगी आणून दारात उभी करते. नवरा मेला तर तिनेच तो मारला असा आळ येतो आणि प्रेताला घातलेल्या आंघोळीचे पाणी पिऊन तिला निर्दोषत्व सिद्ध करावे लागते. या सासवांच्या भूमिकांवर पेशन्स ओझोकवोर या अभिनेत्रीने अशी काही हुकमत मिळवली, की ललिता पवारांना दाद देणाऱ्या मराठी प्रेक्षकाला तिची वेगळी ओळख करून द्यावी लागणार नाही.

हे सगळे दाखवण्याचे समर्थन एका वाक्यात होते: ही आपली संस्कृती आहे. चित्रपटांचे व्यापारी तसे म्हणतात, पाद्री म्हणतात, राजकारणी तर म्हणतातच. ऑक्टोबर २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष मुहम्मदू बुहारी यांच्या पत्नीने बीबीसीला मुलाखत देऊन सरकारवर टीका केली. त्याबद्दल विचारले असता बुहारींनी बर्लिनमध्ये, शेजारी जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मेर्कल उभ्या असताना, सांगून टाकले की आपली पत्नी आपल्या स्वयंपाकघराची, दिवाणखान्याची आणि ‘त्या दुसऱ्या खोलीची’ आहे. नायजेरियात या दुसऱ्या खोलीवर विनोदांचा पाऊस पडला. त्याच वर्षी मार्चमध्ये तिथल्या सिनेटने स्त्री-पुरुष समान संधीचे विधेयक फेटाळले होते, आणि ते फेटाळतानाही धर्म आणि संस्कृती यांचीच साक्ष काढली गेली होती.

ही साक्ष उलटतपासणीत टिकत नाही. पश्चिम आफ्रिकेच्या किनारपट्टीवरची बाई शतकानुशतके बाजारात बसत आली आहे. योरुबा दांपत्यात नवरा-बायकोच्या थैल्या वेगळ्या. बायकोचा व्यापार तिचा, नफाही तिचा. योरुबा शहरांत सकाळची न्याहारी बाजारातून विकत घेण्याची चाल जुनी आहे. ती शिजवणारी बाई नवऱ्याच्या घासाची वाट पाहत बसलेली नसे, ती धंदा करत असे. १९२९ मध्ये पूर्व नायजेरियात कराच्या धास्तीने इग्बो आणि इबिबिओ समाजांतल्या हजारो स्त्रिया वसाहत सरकारविरुद्ध उठल्या आणि पन्नासहून अधिक जणी गोळीबारात मेल्या. अबेओकुटा या योरुबा शहरातल्या बाजारकरणींनी फुनमिलायो रॅन्सम-कुटी यांच्या नेतृत्वाखाली करांविरुद्ध असे रान उठवले, की १९४९ मध्ये खुद्द राजाला गादी सोडावी लागली. घरात बसून नवऱ्याच्या मिळकतीवर जगणारी पत्नी हा आदर्श आणला मिशन शाळांनी. तिथे मुलींना शिवणकाम, केक आणि टेबल मांडणे शिकवले जाई. लागोसमध्ये १८८४ च्या विवाह कायद्याने या आदर्शाला सरकारी शिक्का मिळाला. त्या लग्नांच्या वाट्याला पुढे काय आले, याची कथा इतिहासकार क्रिस्टिन मान यांनी सांगितली आहे: व्यापार हलका मानून सोडलेल्या कित्येक सुशिक्षित स्त्रियांना पुन्हा स्वतःच्या मिळकतीकडे वळावे लागले. संस्कृतीचे वकील ज्या गृहिणीला आजीबाईंचा वारसा म्हणतात, ती अशी व्हिक्टोरिया राणीच्या काळात बोटीतून उतरलेली आहे.

या युक्तिवादाचे सर्वांत धारदार रूप नायजेरियन समाजशास्त्रज्ञ ओयेरोंके ओयेवूमी यांच्याकडे सापडते. ‘द इन्व्हेन्शन ऑफ विमेन’ या १९९७ च्या ग्रंथात त्यांनी दावा केला, की वसाहतपूर्व योरुबा समाज स्त्री-पुरुष या भेदावर उभाच नव्हता. तो उभा होता थोरल्या-धाकट्यावर. घरात आधी आलेला थोर, नंतर आलेला धाकटा, मग तो बाई असो की बाप्या. पाश्चात्त्य अभ्यासकांनी आपल्या चष्म्यातून तिथे ‘स्त्रिया’ पाहिल्या आणि वसाहत सरकारने कागदोपत्री त्या घडवल्या. हा दावा ऐकून पुष्कळांनी कपाळाला हात लावला. काहींनी त्याला इतिहासापेक्षा इच्छा अधिक म्हटले. तरीही नॉलिवुडच्या सासूचा उलगडा ओयेवूमींइतका नीट दुसरे कोणीच करून देत नाही. त्यांच्या मांडणीत सून घरात आली त्या दिवसापासून तिचे वय मोजले जाते. तिच्या लग्नाआधी त्या घरात जन्मलेला प्रत्येक जीव तिच्याहून थोर. तान्ह्या दिराला किंवा नणंदेलाही ती नावाने हाक मारत नसे, काहीतरी मानाचे टोपणनाव शोधून काढी. सासू, नणंद, थोरली सवत या सगळ्या बाया असूनही तिच्यावर सत्ता गाजवतात, ती त्या आधी आल्या म्हणून. इग्बो गावांत हेच काम माहेरवाशिणींची मंडळी करते. कुळात जन्मलेल्या या लेकी अंत्यविधीला परत येतात आणि विधवेच्या शोकाचे मोजमाप करतात. पडद्यावर विधवेचे डोके भादरणारे हात बहुधा बायकांचेच असतात, आणि त्यात दिग्दर्शकाने पदरचे काही घातलेले नसते.

अडचण इथेच सुरू होते. ओयेवूमी ओगबोमोशो या योरुबा शहराच्या राजघराण्यातल्या, वडील तिथल्या गादीवर बसलेले. राजघराण्यातल्या मुलीला थोरलेपणाची उतरंड दिसते ती वरच्या पायरीवरून. तिथून ती न्याय्यही वाटू शकते, कारण आजची धाकटी उद्या थोरली होते. लेकीच्या जागी सून ठेवली की हिशेब बदलतो. प्रत्येक पिढीत घर सोडून दुसऱ्याच्या दारात सर्वांत धाकटे होऊन उभे राहायचे, ही पाळी नेमकी कोणावर येते? नवऱ्यावर येत नाही. तो जिथे जन्मला तिथेच राहतो आणि त्याचे थोरलेपण दिवसेंदिवस मुरत जाते. म्हणजे स्त्री-पुरुष भेद दारातून घालवला, तरी तो लग्नाच्या खिडकीतून आत आलाच. मग मिशन शाळांवर सगळे खापर फोडण्यात अर्थ उरत नाही. व्हिक्टोरियन गृहिणी आयात झालेली असेल, पण तिच्यावर देखरेख ठेवणारी यंत्रणा घरचीच होती. वर दिलेला बाजारकरणींचा इतिहास खरा आहे. मात्र त्यातली प्रत्येक बाजारकरीण संध्याकाळी कोणाच्या तरी अंगणात सूनच होती. आधुनिक नायजेरियन पत्नीवर हे दोन्ही आदर्श एकत्र लादले गेले, आणि चित्रपट रंगतात ते या दुहेरी ओझ्यावर.

इकेचुक्वू ओन्येका यांचा ‘मिस्टर अँड मिसेस’ (२०१२) याचा चांगला नमुना आहे. एका घरात शिकलेल्या बायकोला नवरा घरी बसवतो आणि मोलकरणीसारखे राबवतो. दुसऱ्या घरात बायको नोकरीत बुडालेली, आणि नवरा मोलकरणीकडे ओढला जातो. राबली तरी चुकते, कमावले तरी चुकते. पहिल्या घरातल्या अन्यायाकडे चित्रपट सहानुभूतीने पाहतो, दुसऱ्या घरातल्या बाईला मात्र धडा शिकवतो. मोलकरणीची बाजू दोन्हीकडे कोणी मांडत नाही.

तरी हे चित्रपट म्हणजे केवळ आज्ञाधारकपणाची शिकवणी, असे म्हणणाऱ्या टीकाकारांनी प्रेक्षकांकडे नीट पाहिलेले दिसत नाही. नॉलिवुडचा जन्म घरातल्या टीव्हीसमोर झाला. १९८६ च्या आर्थिक फेररचनेनंतर नायरा या चलनाची किंमत कोसळली, सिनेमागृहे बंद पडली, लागोसच्या रस्त्यांवर रात्री फिरणे धोक्याचे झाले. केनेथ न्नेबुए या कॅसेट व्यापाऱ्याने १९९२ मध्ये इग्बो भाषेतला ‘लिव्हिंग इन बाँडेज’ थेट व्हिडिओ कॅसेटवर विकायला काढला आणि धंदा उभा राहिला. युनेस्कोच्या २००९ च्या अहवालानुसार २००६ साली नायजेरियात ८७२ चित्रपट निघाले. संख्येत फक्त भारत पुढे होता. हा माल खपला मुख्यतः बायकांमुळे: घरात, केशकर्तनालयांत, बाजारातल्या गाळ्यांत. ‘लिव्हिंग इन बाँडेज’मधला अँडी श्रीमंतीसाठी एका गुप्त पंथाला बायकोचा बळी देतो. आधी तो एका वेश्येला बायको म्हणून खपवायला पाहतो, पण पंथाला खरी, प्रेमाची बायकोच हवी असते. मग मेलेली मेरिट भूत होऊन त्याला वेड लागेपर्यंत छळते. नवऱ्यांचे पगार हातात यायच्या आत विरून जात होते, अशा वर्षांत पैशासाठी पहिला बळी बायकोचा जातो ही गोष्ट कोणत्या प्रेक्षकाला समजावून द्यावी लागली असेल?

या चित्रपटांचा शेवट बहुधा चर्चमध्ये होतो आणि शरणागती पत्करलेली पत्नी विजयी ठरते. सेन्सॉर मंडळ खूश, पाद्री खूश. पण तीन तासांच्या दोन भागांतला तो शेवट दहा मिनिटांचा. उरलेला सगळा वेळ सासूचे टोमणे, नवऱ्याची कुरकुर आणि रश्शाची उलटतपासणी बारकाईने मांडण्यात जातो. ते पाहणाऱ्या बायका पडद्याशी मोठ्याने भांडतात. हुकूम ऐकणारा श्रोता असा भांडत नाही. तक्रार नोंदवायला आलेला भांडतो.

उत्तरेतल्या हौसा भाषक कानो शहरात हीच तक्रार वेगळ्या वळणाने आली. तिथे हिंदी चित्रपटांचे वेड १९५० च्या दशकापासूनचे, आणि सवत हे रोजचे वास्तव. बलराबा रमत याकुबू यांच्या १९९० च्या लोकप्रिय कादंबरीत नवरा नऊ मुलांच्या आईला घराबाहेर काढतो आणि ती शिजवलेले अन्न विकून उभी राहते. घरात जे रांधणे कर्तव्य म्हणून फुकट होते, त्याला बाहेर किंमत येते. तरी शेवटी तिला त्याच नवऱ्याकडे परतावे लागते, आणि लेखिका ते गोड करून सांगत नाही. या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद २०१२ मध्ये चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने काढला. तो भारतात निघावा, यात नवल नाही.

गेल्या दशकात पडद्यावरच्या बाईचे चित्र पालटले असे सांगितले जाते, आणि ते अर्धेच खरे आहे. जेनेव्हिव्ह न्नाजीच्या ‘लायनहार्ट’मध्ये (२०१८) मुलगी वडिलांची बस कंपनी वाचवते. त्याच वर्षीच्या केमी अडेटिबाच्या ‘किंग ऑफ बॉइज’मध्ये एनिओला सलामी लागोसच्या गुन्हेगारी जगावर राज्य करते. फुंके अकिंडेलेचा ‘अ ट्राइब कॉल्ड जुडा’ (२०२३) हा एक अब्ज नायरांचा पल्ला ओलांडणारा पहिला नायजेरियन चित्रपट. त्यातली आई पाच वेगवेगळ्या पुरुषांपासून झालेले पाच मुलगे एकटीने वाढवते. तिघी जबरदस्त. पण पहिली अविवाहित, दुसरी विधवा आणि तिसरीला नवराच नाही. मानववंशशास्त्रज्ञ इफी अमाडियुमे यांनी १९८७ मध्ये न्नोबी या इग्बो गावाविषयी लिहिताना दाखवले होते, की वारस मुलगा नसेल तिथे लेकीला मुलाचे स्थान आणि त्याबरोबर मालमत्ता देण्याची जुनी सोय होती. ‘लायनहार्ट’ची नायिकाही लेक म्हणूनच खुर्चीत बसते. लेक, आई आणि विधवा यांना सत्ता देणारी पटकथा नॉलिवुडला आता चांगली जमते. ज्या घरात नवरा जिवंत आहे, सासू हयात आहे आणि रात्रीचे जेवण व्हायचे आहे, त्या घरातल्या बाईच्या हाती कंपनी देणारी पटकथा अजून तिकीटबारीवर गाजायची आहे.